शिल्लक कोणाच्या खात्यावर? नदीखोऱ्याच्या दीर्घकालीन जलसंतुलनाविषयी

नदीखोऱ्याचा पाण्याचा ताळेबंद मांडायला लागणारे समीकरण शाळकरी मुलालाही समजेल इतके सोपे आहे. खोऱ्यावर पडलेले पाणी एक तर नदीवाटे बाहेर जाते, नाही तर वाफ होऊन हवेत जाते, नाही तर माती, भूजल, तळी आणि बर्फ यांच्या रूपाने खोऱ्यातच साठून राहते. चौथीही एक वाट असते, पण तिच्याकडे नंतर येऊ. बरीच वर्षे एकत्र घेतली तर साठ्यातली वाढ आणि घट एकमेकींना खोडून काढतात असे मानले जाते आणि मग मागे एवढेच उरते: सरासरी पाऊस म्हणजे सरासरी अपधाव अधिक सरासरी बाष्पीभवन. अपधाव म्हणजे नदीवाटे बाहेर जाणारे पाणी. आणि या लेखात बाष्पीभवन म्हणताना जमीन, पाणी आणि वनस्पतींची पाने या तिन्हींवाटे जाणारी वाफ मी एकत्रच धरली आहे.

अडचण या सोपेपणातूनच उभी राहते. तीनपैकी दोन आकडे मोजून तिसरा वजाबाकीने काढला, तर ताळेबंद जुळणारच; तो न जुळण्याची सोयच त्यात नसते. घरखर्चाच्या वहीत शेवटी ‘किरकोळ’ या सदराखाली जी रक्कम लिहून बेरीज जुळवली जाते, तिच्यात खरा किरकोळ खर्च किती आणि विसरलेला किंवा चुकीचा मांडलेला खर्च किती हे कोणालाच सांगता येत नाही. वजाबाकीने काढलेल्या घटकाचेही तसेच असते. मोजलेल्या घटकांतल्या साऱ्या चुका निमूटपणे त्याच्या खात्यावर जमा होतात. त्यामुळे कोणताही जलसंतुलनाचा अहवाल हाती आला की आकडे वाचण्याआधी मी एकच गोष्ट शोधतो: यातला कोणता आकडा मोजलेला नाही?

पहिला आकडेमोडीचा ताळेबंद मांडणारा पिएर पेरो हा पेशाने पॅरिसमधला सरकारी महसुलाचा अधिकारी होता, आणि मला ते नेहमीच समर्पक वाटत आले आहे. सेन नदीच्या उगमापासून एन्ये-ल-द्यूकपर्यंतचा भाग त्याने निवडला, तीन वर्षांच्या पावसाच्या सरासरीला त्या भागाच्या क्षेत्रफळाने गुणले आणि येणारे घनफळ नदीच्या वार्षिक प्रवाहाशी ताडून पाहिले. १६७४ साली प्रसिद्ध झालेल्या या हिशेबात पाऊस प्रवाहाच्या सुमारे सहापट निघाला. समुद्राचे पाणी जमिनीखालच्या वाटांनी डोंगरांत चढते आणि झऱ्यांवाटे नद्यांना मिळते, असे मानणारे विद्वान त्या काळी पुष्कळ होते. पाऊस नदीला पुरून उरतो हे दाखवायला पेरोचा हिशेब पुरेसा होता. उरलेल्या पाच भागांचे काय झाले याचे त्याचे उत्तर ढोबळच होते. पुढे एडमंड हॅलीने १६८७ साली पाण्याच्या एका भांड्यातली घट तराजूवर तोलून भूमध्य समुद्राच्या बाष्पीभवनाचा अंदाज बांधला आणि जावकीची दुसरी बाजूही मोजमापाच्या कक्षेत आणली. पेरोचा प्रश्न ‘पाऊस पुरतो का?’ एवढाच होता, म्हणून त्याच्या मोजमापात पंचवीस टक्के चूक असती तरी उत्तर बदलले नसते. आज त्याच समीकरणाला आपण दहा टक्क्यांचे प्रश्न विचारतो: धरणात किती येवा धरायचा, जंगल वाढले तर नदी किती घटेल, भूजलाचा उपसा किती परवडेल. समीकरण तेच आहे, पण त्याच्यावरचा भार फार वाढला आहे.

पुढचे सगळे आकडे एकाच काल्पनिक पाणलोटाच्या आधाराने मांडतो. क्षेत्रफळ २,४०० चौरस किलोमीटर, वार्षिक सरासरी पाऊस ८०० मिलिमीटर, आणि नदीचा सरासरी विसर्ग सेकंदाला ८ घनमीटर. वर्षात सुमारे ३ कोटी १५ लाख सेकंद असतात, म्हणून वर्षाचा प्रवाह सुमारे २५.२ कोटी घनमीटर होतो; तो क्षेत्रफळावर पसरला की थराची जाडी १०५ मिलिमीटर येते. पाऊस आणि प्रवाह एकाच मापात आणण्याची ही पायरी क्षुल्लक दिसते, पण क्षेत्रफळाची चूक इथेच आत शिरते. सपाट प्रदेशातली जलविभाजक रेषा नकाशावर काढताना पाच-सात टक्के क्षेत्र इकडचे तिकडे सहज होते आणि अपधावाची खोली तेवढ्याच प्रमाणात चुकते. वजाबाकी केली तर बाष्पीभवन ६९५ मिलिमीटर निघते. हा आकडा किती खरा आहे हे पाहायचे, तर तो जिच्यातून आला त्या प्रत्येक मापाकडे वळायला हवे.

साठ्यातला बदल शून्य धरण्यासाठी हिशेबाचे वर्ष कोठे तोडायचे हे आधी ठरवावे लागते. जानेवारी ते डिसेंबर हे वर्ष सोयीचे असले तरी ज्या प्रदेशात डिसेंबरअखेर माती ओली असते किंवा डोंगरावर बर्फ साचलेला असतो, तिथे ते हिशेबाला घातक ठरते. साठा नीचांकाला असतो तेव्हा वर्ष तोडावे, म्हणजे मुख्य पर्जन्यकाळाच्या तोंडावर. त्या वेळी एका वर्षाचा आणि दुसऱ्या वर्षाचा साठा यांत फरक कमीत कमी पडतो. तरीही दोन टोकांच्या साठ्यांत १०० मिलिमीटरचा फरक राहिला असेल, तर एका वर्षाच्या ताळेबंदात तो पूर्ण अपधावाएवढा भरतो, आणि वीस वर्षांच्या सरासरीत वर्षाला ५ मिलिमीटर इतका उतरतो. दीर्घ काळ घेण्याचा फायदा हा एवढाच आहे, आणि तोही साठा वरखाली होत राहिला तरच मिळतो. भूजल पातळी दरवर्षी खालीच जात असेल, तर कितीही वर्षे घेतली तरी ती घट सरासरीतून जात नाही. खडकाची पाणी सोडण्याची क्षमता दोन टक्के धरली आणि पातळी वर्षाला अर्धा मीटर उतरत असली, तर ते १० मिलिमीटर पाणी झाले, म्हणजे आपल्या नदीच्या प्रवाहाच्या जवळजवळ दहावा हिस्सा. हे पाणी उपसून पिकांना दिले जाते, तिथून वाफ होऊन जाते, आणि ‘पाऊस वजा अपधाव’ असे करून काढलेल्या बाष्पीभवनात ते कुठेच दिसत नाही.

आता पाऊस. ताळेबंदातला सर्वांत मोठा आकडा हाच, सर्वांत जास्त विश्वास याच्यावरच ठेवला जातो, आणि माझ्या मते सर्वांत कमी तपासला जातो तोही हाच. पर्जन्यमापकाचे तोंड २०० मिलिमीटर व्यासाचे असेल तर त्याचे क्षेत्र ३१४ चौरस सेंटिमीटर भरते. आपल्या पाणलोटात असे सहा मापक धरले, तर प्रत्येक मापक स्वतःच्या तोंडाच्या सुमारे १,२७० कोटी पट क्षेत्राच्या वतीने बोलतो. प्रत्येक मापकाला सभोवतालचे क्षेत्र वाटून देण्याची थीसेनची बहुभुजांची रीत १९११ सालची आहे आणि आजही सर्रास वापरली जाते. नव्या सांख्यिकी पद्धती तिच्यापेक्षा चांगल्या आहेत, पण जिथे मापकच नाही तिथला पाऊस कोणतीही पद्धत निर्माण करू शकत नाही. मापक माणसांच्या सोयीने बसवले जातात, म्हणजे दऱ्यांत, रस्त्यांच्या कडेला, गावांजवळ. आणि पाऊस मात्र उंचीबरोबर वाढत जातो. सिंधू नदीच्या वरच्या, पर्वतीय खोऱ्यात मापकांवरून काढलेला पाऊस आणि हिमवर्षाव नदीच्या मोजलेल्या प्रवाहालाही पुरत नाही असे अनेक अभ्यासांत आढळले आहे. वजाबाकी केली तर बाष्पीभवन उणे येते. तिथे चूक उघडी पडते, कारण उत्तर अशक्य येते. आपल्या पाणलोटात पाऊस ८०० ऐवजी ८६० असता तर बाष्पीभवन ६९५ ऐवजी ७५५ निघाले असते आणि ते कोणाच्याही डोळ्यांत खुपले नसते.

त्यात वाऱ्याची भर पडते. मापकाच्या कडेवरून वारा उसळून वर जातो आणि बारीक थेंबांना आत पडू देत नाही. पावसाच्या बाबतीत ही तूट काही टक्क्यांची असते, तर उघड्या जागी, वाऱ्यात पडणाऱ्या हिमाच्या बाबतीत ती निम्म्याहूनही अधिक असू शकते. ही तूट नेहमी एकाच दिशेची असते, म्हणून तीस वर्षांची सरासरी काढल्याने ती कमी होत नाही. सरासरीने यादृच्छिक चुका विरतात, एकतर्फी चुका जशाच्या तशा राहतात.

जुन्या नोंदी हाताळताना मला सर्वांत उपयोगी पडत आलेली तपासणी अगदी साधी आहे. एका मापकाचा वर्षानुवर्षांचा पाऊस बेरीज करत न्यायचा आणि आसपासच्या मापकांच्या सरासरीची तशीच बेरीज त्याच्यासमोर आलेखावर मांडायची. सगळे ठीक असेल तर सरळ रेषा मिळते. मापकाची जागा बदलली असेल, शेजारी इमारत उभी राहिली असेल किंवा एखादे झाड वाढून त्याच्या डोक्यावर आले असेल, तर त्या वर्षापासून रेषेला बाक येतो. ओल्या वर्षाने किंवा दुष्काळाने असा बाक येत नाही, कारण ती वर्षे सगळ्याच मापकांना सारखी भोगावी लागतात. कागदोपत्री कुठेही न नोंदलेले स्थलांतर या रेषेत स्पष्ट दिसते, आणि ते पाहताना होणारा आनंद या कामातल्या थोड्या निखळ आनंदांपैकी आहे.

नदीच्या प्रवाहाविषयी सामान्य समजूत अशी असते की तो रोज मोजला जातो. रोज मोजली जाते ती पाण्याची पातळी. विसर्ग अधूनमधून मोजतात: नदीच्या रुंदीवर ठरावीक अंतरांनी उभ्या रेषा घेतात, प्रत्येक रेषेवर खोली मोजतात, आणि पृष्ठभागापासून खोलीच्या सहा दशांशावर फिरते चक्र धरून वेग मोजतात, कारण त्या ठिकाणचा वेग त्या उभ्या रेषेवरच्या सरासरी वेगाच्या जवळपास असतो. पाणी खोल असेल तर दोन दशांश आणि आठ दशांश खोलीवरच्या वेगांची सरासरी घेतात. कोणत्याही एका पट्ट्यातून एकूण विसर्गाच्या दहा टक्क्यांहून जास्त पाणी जाऊ नये इतक्या रेषा घ्यायच्या असतात. अशा मोजमापांच्या बिंदूंतून पातळी आणि विसर्ग यांचा वक्र बसवला जातो, आणि रोजची पातळी त्या वक्रावर टेकवून रोजचा विसर्ग वाचला जातो. काम काळजीपूर्वक केले तर मधल्या पातळ्यांवर हा वक्र पाच टक्क्यांच्या आत बरोबर असतो. महापुरात मात्र नदीत कोणी उतरत नाही आणि वक्राचे वरचे टोक मोजलेल्या बिंदूंच्या पलीकडे नुसते लांबवलेले असते. ज्या नद्यांत वर्षाचा बहुतेक प्रवाह मोजक्या पुरांत वाहून जातो, त्यांच्या बाबतीत वार्षिक बेरजेचा मोठा भाग या लांबवलेल्या टोकावरून येतो. शिवाय पुराने पात्राचा तळ खरवडला किंवा गाळाने भरला की जुना वक्र जातोच. म्हणून प्रवाहाचा तक्ता पाहताना, सर्वांत मोठा प्रत्यक्ष मोजलेला विसर्ग किती होता आणि वर्षाच्या बेरजेपैकी किती पाणी त्याच्या वरचे आहे, एवढे दोन आकडे मागून घ्यावेत.

आता ती चौथी वाट. जमिनीवरचा जलविभाजक आणि भूजलाचा जलविभाजक एकाच रेषेवर असतील असे निसर्गाने कोठेही कबूल केलेले नाही. जर्मनीत इमेंडिंगेनजवळ डॅन्यूब नदीचे पाणी चुनखडीच्या तळातल्या भेगांत शिरते आणि वर्षातले बरेच दिवस तिचे पात्र तिथे पूर्ण कोरडे पडते. हे पाणी जाते कोठे, हे पाहण्यासाठी कार्ल्सरूहचे प्राध्यापक आडोल्फ क्नोप यांनी ऑक्टोबर १८७७ मध्ये त्या भेगांत २० टन मीठ आणि १० किलो फ्लुओरेसिन हे रंगद्रव्य सोडले. सुमारे ६० तासांनी १२ किलोमीटरवरच्या आख झऱ्याचे पाणी चमकदार हिरवे झाले आणि खारटही लागू लागले. आखचे पाणी कॉन्स्टन्स सरोवरात जाते, तिथून ऱ्हाइनमध्ये आणि शेवटी उत्तर समुद्रात. म्हणजे काळ्या समुद्राकडे निघालेल्या नदीचे पाणी भलत्याच समुद्राला मिळते. त्या जागेच्या खाली डॅन्यूबवर मापन केंद्र ठेवून कोणी ताळेबंद मांडला, तर हरवलेले सगळे पाणी बाष्पीभवनाच्या खात्यावर पडेल, आणि तिथल्या झाडांना त्यांनी कधीच न प्यायलेल्या पाण्याचे श्रेय मिळेल. लहान पाणलोटांत ही गळती प्रमाणाने जास्त असते, म्हणून प्रयोगासाठी पाणलोट निवडताना ज्यांच्या खालचा खडक घट्ट आहे असेच शोधले जातात.

बाष्पीभवन स्वतंत्रपणे काढायचे तर पहिली पायरी म्हणजे हवा किती पाणी मागते हे ठरवणे. १९४८ हे वर्ष या बाबतीत मोलाचे: पेनमनने ऊर्जा, आर्द्रता आणि वारा यांवर आधारलेले सूत्र त्याच वर्षी मांडले आणि थॉर्नथ्वेटने केवळ तापमानावर चालणारे सूत्रही त्याच वर्षी. दुसऱ्याला माहिती कमी लागते, म्हणून ते जास्त वापरले गेले; माझे मत असे की जिथे पहिले वापरता येते तिथे दुसरे वापरण्याला निमित्त नाही. पण मागणी म्हणजे प्रत्यक्ष खर्च नव्हे. ओल्या प्रदेशात बाष्पीभवनाला ऊर्जेची मर्यादा पडते आणि कोरड्या प्रदेशात पाण्याची. या दोन मर्यादांना जोडणारा वक्र शोधण्याचा इतिहास रंजक आहे. मध्य युरोपातल्या नद्यांवरून श्रायबरने १९०४ साली एक सूत्र दिले, ओल्डेकोपने १९११ साली दुसरे, आणि प्रत्यक्षातली खोरी या दोन्हींच्या मध्ये पडतात हे पाहून बुडिकोने दोघांचा गुणोत्तर मध्य घेतला. इतका निर्भीड व्यवहारीपणा शास्त्रात क्वचितच दिसतो, आणि वक्र पाऊणशे वर्षे टिकला. तुर्कने जगभरच्या २५४ पाणलोटांवरून १९५४ साली आपले सूत्र बसवले आणि पाइकने १९६४ साली ते आणखी सुटसुटीत केले.

आपल्या पाणलोटात हवेची मागणी वर्षाला १,४०० मिलिमीटर आहे असे धरून ही सूत्रे चालवून पाहू. श्रायबरच्या सूत्राने बाष्पीभवन ६६१ येते, बुडिकोच्या ६९१, पाइकच्या ६९५ आणि ओल्डेकोपच्या ७२३. सगळ्यांत लहान आणि सगळ्यांत मोठ्या उत्तरात जेमतेम नऊ टक्क्यांचा फरक आहे, आणि बाष्पीभवनाचा अभ्यासक त्यावर समाधानी होईल. आता हेच आकडे पावसातून वजा करून अपधाव काढा: १३९, १०९, १०५ आणि ७७ मिलिमीटर. धरण बांधणाऱ्याच्या दृष्टीने पहिले उत्तर शेवटच्याच्या जवळजवळ दुप्पट आहे. पाऊस आणि बाष्पीभवन हे दोन मोठे आकडे, अपधाव हा त्यांच्यातला लहान फरक. दोन्हींत स्वतंत्रपणे पाच-पाच टक्के अनिश्चितता धरली, म्हणजे ४० आणि ३५ मिलिमीटर, तर फरकातली अनिश्चितता ५३ मिलिमीटर होते, म्हणजे १०५ च्या निम्मी. उलट अपधाव मोजलेला असेल आणि बाष्पीभवन वजाबाकीने काढले, तर तीच ४० मिलिमीटरची चूक ६९५ वर पडून सहा टक्क्यांच्या घरात राहते. कोरड्या खोऱ्यात अपधाव कधीही शिल्लक म्हणून काढू नये हे माझे ठाम मत या साध्या हिशेबावर उभे आहे. फार ओल्या, थंड खोऱ्यात, जिथे अपधाव पावसाच्या सत्तर-ऐंशी टक्के असतो, तिथे परिस्थिती नेमकी उलटते आणि बाष्पीभवनाची शिल्लक बिनभरवशाची होते.

त्याच वक्रातून दुसरी एक गोष्ट कळते. पाइकच्या सूत्रात पाऊस दहा टक्क्यांनी वाढवून ८८० केला तर अपधाव १०५ वरून १३५ वर जातो, म्हणजे २८ टक्के वाढ. पाऊस ७२० केला तर तो ८० वर उतरतो, म्हणजे २४ टक्के घट. ज्या खोऱ्यात अपधाव पावसाच्या मानाने थोडा, तिथे पावसातला प्रत्येक टक्का नदीत अडीच-तीन टक्के होऊन उतरतो, आणि पावसाच्या मोजमापातला प्रत्येक टक्काही तसाच उतरतो. नाइलचे खोरे सुमारे ३० लाख चौरस किलोमीटरचे आहे. इजिप्तमधल्या आस्वानपाशी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात धरलेली सरासरी वर्षाला ८,४०० कोटी घनमीटर होती. ती पूर्ण खोऱ्यावर पसरली तर थर २८ मिलिमीटरचा होतो. दक्षिण सुदानातल्या सूद दलदलीतच श्वेत नाइलचे निम्म्याच्या आसपास पाणी उडून जाते. अशा नदीचा प्रवाह ‘पाऊस वजा बाष्पीभवन’ करून काढायला जाणे म्हणजे चूक प्रवाहापेक्षाही मोठी करून घेणे होय.

बुडिकोच्या वक्राभोवती खोरी विखुरलेली दिसतात, आणि हा विखुरलेपणा समजावून घेण्यासाठी पुढे फू बाओपू यांनी १९८१ साली आणि इतरांनी सूत्रात एक चल घातला. पाऊस कोणत्या ऋतूत पडतो, मातीत किती पाणी मावते, उतार किती आहे, वनस्पतींची मुळे किती खोल जातात, हे सारे त्या एका चलात कोंबले जाते. झाडांचा वाटा किती मोठा असतो हे प्रत्यक्ष प्रयोगांवरून माहीत आहे: बॉश आणि ह्यूलेट यांनी १९८२ साली ९४ पाणलोट-प्रयोग एकत्र मांडले, तेव्हा सूचिपर्णी जंगलाच्या आच्छादनात दर दहा टक्के बदलामागे वार्षिक अपधाव सुमारे ४० मिलिमीटरने उलट दिशेला बदलतो असे दिसले. पण खोऱ्याचा चल मोजलेल्या अपधावावरूनच बसवायचा आणि मग त्याच सूत्राने अपधाव बरोबर येतो म्हणून सूत्राचे कौतुक करायचे, हा प्रकार मी इतक्यांदा वाचला आहे की आता त्याचा उबग येतो.

‘दीर्घकालीन’ म्हणजे किती वर्षे, याचे पाठ्यपुस्तकी उत्तर तीस असे असते. वार्षिक प्रवाह एकमेकांपासून स्वतंत्र असते तर ते ठीक होते. नाइलच्या अभ्यासात आयुष्य घालवलेल्या हॅरल्ड हर्स्ट यांनी १९५१ साली दाखवले की नैसर्गिक मालिकांत ओली वर्षे ओल्या वर्षांना आणि कोरडी वर्षे कोरड्या वर्षांना अपेक्षेपेक्षा जास्त चिकटून येतात. ही चिकट मोजणारा त्यांचा घातांक स्वतंत्र वर्षांसाठी ०.५ असायला हवा. त्यांना तो सरासरी ०.७३ च्या आसपास मिळाला. याचा परिणाम असा की वर्षावर्षांतला चढउतार सरासरीच्या ३० टक्के असेल, तर तीस वर्षांच्या सरासरीतली प्रमाण चूक, म्हणजे ती सरासरी साधारण किती ढळू शकते याचे माप, साडेपाच टक्के न राहता बारा टक्के होते. कोलोरॅडो नदीचा १९२२ चा करार याचे कुप्रसिद्ध उदाहरण आहे. वरच्या आणि खालच्या खोऱ्याला प्रत्येकी ७५ लाख एकर-फूट (एकर-फूट म्हणजे एका एकरावर एक फूट उंच उभे राहील इतके पाणी) वाटून दिले गेले, १९४४ च्या तहाने मेक्सिकोला आणखी १५ लाख दिले गेले. मुळात हाती असलेल्या नोंदी विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांच्या होत्या, आणि झाडांच्या खोडांतल्या वर्तुळांवरून नंतर कळले की ती दशके कित्येक शतकांतल्या सर्वांत ओल्या काळांपैकी होती. या दोन खोऱ्यांच्या सीमेजवळच्या लीज फेरी या मापन केंद्रापाशी शंभरहून अधिक वर्षांची नैसर्गिक प्रवाहाची सरासरी दीड कोटी एकर-फुटांच्या आतच राहते. त्या मानाने १९५९ चा नाइल करार हिशेबाला सावध वाटतो: ८,४०० कोटी घनमीटरपैकी इजिप्तला ५,५५० कोटी, सुदानला १,८५० कोटी, आणि उरलेले १,००० कोटी नव्या जलाशयातल्या बाष्पीभवन व पाझराच्या नावाने मोकळेपणाने लिहिलेले. (वरच्या खोऱ्यातल्या देशांना त्यात काहीच स्थान नव्हते, हा वेगळा आणि मोठा विषय.)

माणसाने वळवलेले पाणी परत मिळवून ‘नैसर्गिक’ प्रवाह काढणे हे कंटाळवाणे काम आहे आणि त्याविषयी थोडक्यातच सांगतो: कालवे, उपसा आणि जलाशयातले बाष्पीभवन हे मोजलेल्या प्रवाहात मिळवायचे, शेतांतून परत नदीत येणारे पाणी वजा करायचे, आणि परत येणाऱ्या पाण्याचे प्रमाण कोणी मोजले होते की गृहीत धरले होते हे स्पष्ट लिहायचे. बहुधा ते गृहीतच असते.

शिल्लक पडताळायची तर समीकरणाच्या बाहेरचा पुरावा लागतो. २००२ साली सोडलेल्या ग्रेस मोहिमेतले दोन उपग्रह एकमेकांपासून सुमारे २२० किलोमीटरवर राहून गुरुत्वाकर्षणातले सूक्ष्म बदल टिपत होते, आणि २०१८ पासून त्यांचे उत्तराधिकारी ते काम करत आहेत. साठ्यातला बदल शून्य न मानता तो थेट मोजण्याची सोय त्यांच्यामुळे झाली. पण लाख-दोन लाख चौरस किलोमीटरपेक्षा लहान खोऱ्यांत त्यांचे चित्र पुसट होते, आणि आपला २,४०० चौरस किलोमीटरचा पाणलोट त्यांना दिसतच नाही. लहान पाणलोटासाठी मला क्लोराइडची पद्धत आवडते. पावसाबरोबर आणि धुळीबरोबर येणारे क्लोराइड वाफ होऊन उडत नाही आणि वनस्पती ते फारसे घेत नाहीत, म्हणून पाणी उडत जाते तसतसे मातीतल्या पाण्यात त्याचे प्रमाण वाढते. पावसात धुळीसकट लिटरला २ मिलिग्रॅम आणि भूजलात ४० मिलिग्रॅम क्लोराइड असेल, तर ८०० मिलिमीटरपैकी विसावा भाग, म्हणजे ४० मिलिमीटर, खाली मुरला असे निघते. खडकात मीठ नसावे आणि खते किंवा सांडपाणी यांतून क्लोराइड आलेले नसावे, या अटी पाळल्या गेल्या तर हा आकडा विसर्गाच्या वक्राच्या चुकांपासून अलिप्त असतो, आणि पावसाच्या मोजमापातली चूक त्यात तेवढ्याच प्रमाणात उतरते, वजाबाकीतल्यासारखी फुगत नाही. कोरड्या काळात नदीत वाहणारे भूजल या ४० च्या खूप वर गेले, तर कुठेतरी मोजमाप बिघडले आहे किंवा शेजारच्या खोऱ्यातून पाणी येत आहे, हे लगेच लक्षात येते.

आणि तरीही एक प्रश्न राहतो, जो गेल्या काही वर्षांत जास्त बोचू लागला आहे. ऑस्ट्रेलियाच्या आग्नेय भागात १९९७ पासून सुमारे २००९ पर्यंत दीर्घ दुष्काळ पडला. तो संपून पाऊस परतल्यावर नद्याही पूर्ववत व्हायला हव्या होत्या. व्हिक्टोरिया राज्यातल्या पाणलोटांच्या नोंदी तपासल्या तेव्हा सात वर्षांनंतरही एक तृतीयांशाहून अधिक पाणलोट पूर्वस्थितीला आलेले नव्हते. तेवढ्याच पावसातून पूर्वीपेक्षा कमी पाणी नदीत येत होते. अशा ठिकाणी जुनी आणि नवी वर्षे एकत्र करून काढलेली सरासरी त्या खोऱ्याच्या कोणत्याच अवस्थेचे वर्णन करत नाही. म्हणून वार्षिक पाऊस आणि वार्षिक अपधाव यांचा आलेख मी आता काळाचे दोन भाग दोन रंगांत करूनच काढतो. दोन्ही रंगांचे बिंदू एकमेकांत मिसळले तर एकच सरासरी देतो. ते वेगवेगळ्या रेषांवर बसले तर दोन सरासऱ्या देतो, दोन्हींची वर्षे लिहितो, आणि दोन्हींपुढे कोणता घटक वजाबाकीने काढला आहे त्याची नोंद त्याच ओळीत ठेवतो.